छत्तिसाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात शेती शिकतेय, पुढे काय करू?

वाफसा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

चार वर्षं इथे नुसती वाचत आले. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. लांबण लागणार आहे, कारण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळायचा नाही.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. घरची सहा एकर द्राक्षबाग. बारावीनंतर मला राहुरीला कृषी विद्यापीठात जायचं होतं, अर्जही आणून ठेवला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "शेतीच करायची तर शिकायचं कशाला, आणि शिकायचंच तर शेती कशाला?" यावर अठरा वर्षांच्या मुलीकडे काय उत्तर असणार? नाशिकला बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं, पुण्यात नोकरी केली, लग्न झालं. मग नवऱ्याच्या नोकरीपायी कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोला आलो. मी एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, त्यामुळे मला नोकरी करता येत नाही.

आलो ते जानेवारीत. गावाबाहेर दहा मिनिटं गाडी नेली की दोन्ही हातांना द्राक्षाचे वेल. एकाही वेलीवर पान नाही, सगळी बाग वाळून गेल्यासारखी, आणि माणसं छाटणी करत होती. मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. आमच्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, वेलीला झोप म्हणून नाही. इथे वेल थंडीत झोपते आणि छाटणी वर्षातून एकदाच. पाच-सहा लांबलचक काड्या राखून तारेला गुंडाळत होते, बाकी सगळं खाली. इतक्या लांब काड्या कशाला ठेवतात, हे मला कळेना. अण्णांना फोनवर विचारलं, त्यांनाही सांगता येईना.

उत्तर मिळालं दीड वर्षानं, इथल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) वनस्पतीशास्त्राच्या तासाला. फ्रेझ्नोत पिढ्यान्‌पिढ्या बेदाण्याला लावत आलेत ती थॉमसन सीडलेस ही द्राक्षाची जात, आणि थॉमसनच्या काडीवर बुडाकडच्या डोळ्यांत (म्हणजे जिथून फूट निघते त्या कळ्यांत) घड क्वचितच असतो, तो वरच्या डोळ्यांत असतो. आखूड छाटलं की घडच हातचे गेले. हे ऐकताना डोक्यात आमची बाग उभी राहिली. एप्रिलात छाटून उन्हाळ्याच्या उन्हात नवी काडी तयार करायची, सात पानांवर शेंडा मारून सबकेन (उपकाडी) काढायची, वाढ रोखणाऱ्या लिहोसिनचे फवारे, ती सगळी धडपड त्या डोळ्यात घड धरावा म्हणून. अण्णा 'सूक्ष्म घडनिर्मिती' हा शब्द रोज वापरतात. त्या डोळ्यात नक्की काय घडतं ते मला पहिल्यांदा दिसलं या वर्गात. बाईंनी डोळा ब्लेडनं उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. आत इवलासा घड. पुढच्या हंगामाचा घड, या हंगामाच्या काडीत.

त्या दिवशी ठरवलं की हे अर्धवट सोडायचं नाही.

आतापर्यंत माझी ३१ युनिटं (क्रेडिट) झालीत: वनस्पतीशास्त्र, मृदाशास्त्र, कृषी अर्थशास्त्र, सिंचन, इंग्रजी आणि थोडं रसायनशास्त्र. संध्याकाळचे वर्ग, शनिवारी कॉलेजच्या शेतावर प्रात्यक्षिक. मुलगी शाळेत जाते, तिच्या वेळा सांभाळून. आता फाटा आलाय. एक म्हणजे छोटं प्रमाणपत्र घेऊन थांबायचं. दुसरं म्हणजे पूर्ण ६० युनिटं करून फ्रेझ्नो स्टेट किंवा कॅल पॉली विद्यापीठात पदवीसाठी जायचं. घरून विरोध नाही, पण प्रश्न आहेत. परवा गणपतीला एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इंजिनियरिंगवाल्या पोरी मास्टर्स करतात, तू कम्युनिटी कॉलेजात? आणि तेही शेती?" मी गप्प बसले. रात्री झोप लागली नाही.

कौतुक नको, खरा सल्ला हवाय. कुणी या वाटेनं गेलंय का?

---

शिवारफेरी

ताई, मी गेलोय. तुमच्यापेक्षा लहान होतो, पण वाट तीच. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग कॅल स्टेट (राज्याच्या सरकारी विद्यापीठांचा समूह). आज बदाम-पिस्त्याच्या बागांचं सिंचन बघतो.

आधी कोरडा हिशोब. कॅलिफोर्नियाचा रहिवासी धरलं गेलं तर कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर. ६० युनिटांचे २,७६० डॉलर, वर पुस्तकं आणि किरकोळ शुल्क. पदवीची पहिली दोन वर्षं एवढ्यात होतात. माझ्यासोबतची काही मुलं थेट विद्यापीठात गेली आणि तेच मृदाशास्त्र कितीतरी जास्त पैसे मोजून शिकली. आमच्या वर्गात चोवीस जण होते, प्रात्यक्षिकाला कुदळ प्रत्येकाच्या हातात यायची.

दुसरं. एवढं करून प्रमाणपत्रावर थांबू नका. 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' नावाची जी पदवी आहे, तिच्यात कृषी-वनस्पतीशास्त्राची शाखा आहे. ती केली की कॅल स्टेटच्या एखाद्या तरी विद्यापीठात जागा मिळण्याची हमी कायद्यानं दिलेली आहे. कोणत्या आवारात मिळेल याची हमी नाही, तेवढं लक्षात ठेवा. फ्रेझ्नो स्टेट तुमच्या दारातच आहे, स्वतःची मोठी शेती आहे, घर न हलवता होईल.

आणि इथे कीड-रोगाचा सल्ला देण्याचा परवाना हवा असेल, ज्याला सगळे 'पीसीए' म्हणतात, तर साधारणपणे पदवी लागते आणि ठरावीक विषयांची ४२ सेमिस्टर युनिटं. मग राज्याची परीक्षा. बागाइतदार ज्याच्या शब्दावर फवारतो तो हा माणूस. तुमच्या अण्णांच्या बागेत वाढलेल्या माणसाला हे काम किती जमेल, मी इथून सांगतो.

---

दोन_ओंजळी

वाईट वाटून घेऊ नका, पण कुणीतरी हेही लिहायला हवं.

एच-४ वर शिकता येतं, पूर्णवेळसुद्धा, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. पण शिकून झाल्यावर काय? नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचल्याशिवाय तुम्हाला कामाचा परवाना मिळत नाही. तोवर पगारी इंटर्नशिपही नाही. शेतीत तर सगळं शिक्षण हाताखाली काम करूनच होतं. पदवी घेऊन पाच वर्षं घरी बसलात तर जिवाला किती लागेल याचा विचार करा. मी हे भोगलंय, शेतीत नाही, दुसऱ्या क्षेत्रात. पदवी भिंतीवर आणि मी स्वयंपाकघरात, अशी तीन वर्षं काढली.

शिकू नका म्हणत नाही. पण कामाचा परवाना कधी येऊ शकतो हे नवऱ्यासोबत बसून, वकिलाला विचारून, कागदावर लिहून काढा. मग ठरवा.

---

वाफसा

दोन_ओंजळी, वाईट का वाटेल? घरी जे कुणी मोठ्यानं बोलत नाही ते तुम्ही बोललात. आमचा अर्ज त्या टप्प्याला अजून पोचलेला नाही. वकिलांना विचारते.

शिवारफेरी दादा, फीबद्दल एक सांगायचं राहिलं. पहिल्या सत्रात मला कार्यालयानं 'बाहेरची' धरलं होतं आणि युनिटला कितीतरी पट फी लावली. एच-४ वाल्यांना रहिवास मिळतच नाही, असं खिडकीवरच्या बाईंनी ठामपणे सांगितलं. मी एकाच विषयाचे पैसे भरून गप्प बसले. पुढे वर्गातल्या एका पंजाबी मावशींनी सांगितलं की त्यांना मिळालाय. सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचे पुरावे लागतात: भाडेकरार, टॅक्सचे कागद, लायसन्स. ते सगळं घेऊन पुन्हा गेले आणि तिसऱ्या खेपेला काम झालं. पहिल्या सत्राचे जास्तीचे पैसे काही परत आले नाहीत. कॉलेजचं नाव लिहीत नाही. मात्र एच-४ वर असलेल्या कुणीही पहिल्या नकारावर परत फिरू नये, म्हणून हे लिहिलं.

---

कवठ्याचा_बेदाणा

ताई, मी सांगली भागातला. थॉमसनचं वाचून लिहायला बसलो.

आमच्याकडची तास-ए-गणेश ही द्राक्षजात थॉमसनमधनंच निवडलेली. सोनाकाही त्याच वेलीची लेक, सोलापूरजवळच्या नान्नजची. म्हणजे तुमच्या दारातल्या वेली आणि आमच्या वेली एकाच घरच्या. थॉमसन हे नाव पडलं ते पण कॅलिफोर्नियातच, १८७० च्या दशकात युबा सिटीकडच्या विल्यम थॉमसनवरून. मूळ जात तिकडची नव्हे, ती आली पश्चिम आशियातून.

मला विचारायचंय ते बेदाण्याचं. आमच्याकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडवर जाळीच्या रॅकवर सावलीत वाळवतात. म्हणून रंग हिरवट-पिवळा राहतो आणि त्यालाच भाव. तिकडे उन्हात जमिनीवरच वाळवतात हे खरं का? पाऊस आला तर?

---

वाफसा

अगदी खरं. ऑगस्टच्या शेवटी घड तोडून दोन ओळींच्या मध्ये कागदाच्या ताटांवर पसरतात. दोन-तीन आठवडे कडक ऊन, मध्ये एकदा उलटतात, मग कागदाची गुंडाळी करून ठेवतात. रंग गडद तपकिरी होतो आणि इथल्या लोकांना तोच बेदाणा वाटतो. आपला हिरवा बेदाणा मी वर्गात नेला होता, मुलं म्हणाली हा कच्चा आहे का.

पावसाची भीती यांनाही असतेच, सप्टेंबरात ढग दिसले की सगळ्यांचे चेहरे बदलतात. पण एरवी उन्हाळाभर थेंब पडत नाही. म्हणून यांच्याकडे डाउनी, म्हणजे केवडा रोग, जवळजवळ नाही! हे ऐकून मला रडू आलं होतं. अण्णांचं अर्धं आयुष्य ऑक्टोबरच्या पावसात डाउनीच्या मागे गेलं. भुरी मात्र इथेही भुरीच. तोच बुरशीचा रोग, तेच गंधक. तापमानावरून भुरीचा धोका किती ते आकड्यात काढायची पद्धत डेव्हिसच्या विद्यापीठानं बसवलीय, ती आम्हाला शिकवली. अण्णा हे ढगांकडे बघून करतात.

---

एका_मुलाची_आई

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे. शेतीची आवड आहे, आमची चार एकर जिरायत आहे. इथल्या शहरातल्या एका सल्लागारानं सांगितलं की अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला शेतीसाठी सहज प्रवेश मिळतो, फी नगण्य आहे, शिकता शिकता शेतावर काम करून खर्च निघतो आणि नंतर नोकरी पक्की. त्याच्या कामाचे दोन लाख मागतोय. जमीन गहाण ठेवायचा विचार चाललाय. काय करावं?

---

शिवारफेरी

आई, जमीन गहाण ठेवू नका. एक-एक सांगतो.

युनिटला ४६ डॉलर ही फी कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांची. भारतातून एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येणाऱ्याला त्याच युनिटाला कित्येक पटींनी जास्त पडते. आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद, मिळवायलाच पहिल्या वर्षाचा सगळा खर्च बँकेत दाखवावा लागतो. राहणं-जेवण वेगळं, आणि आरोग्य विमा घ्यावाच लागतो.

'शेतावर काम करून खर्च' तर मुळीच नाही. एफ-१ वर सत्र चालू असताना फक्त कॉलेजच्या आवारात काम, तेही आठवड्याला २० तास. शेजारच्या बागेत रोजानं काम केलं तर व्हिसा जाईल. दोन वर्षांच्या पदवीनंतर एक वर्ष कामाची मुभा मिळू शकते. विज्ञान शाखांना त्यावर मिळणारी वाढीव मुदत मात्र किमान चार वर्षांची पदवी असलेल्यांनाच. मग नोकरी पक्की कुठून?

आणि प्रवेशाला दलाल लागतच नाही. कम्युनिटी कॉलेजचा अर्ज मुलगा स्वतः संगणकावर भरू शकतो. बहुतेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं कार्यालय असतं, त्यांना मेल केला की ते स्वतःच सगळा खर्च कळवतात. त्या माणसाला एक पैसा देऊ नका.

---

रावे_बॅच

मी राहुरीचा पदवीधर, राज्याच्या कृषी खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालो. या ताईंसाठी माझे दोन शब्द.

तुमचा मुलगा बारावी सायन्स करतोय, त्यानं एमएचटी-सीईटी द्यावी. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चार कृषी विद्यापीठं आपल्या राज्यात आहेत. चार वर्षांची बी.एस्सी. कृषी. गुण कमी पडले तरी घाबरू नका, खासगी कॉलेजं याच विद्यापीठांना जोडलेली आहेत. पण तिथे जायच्या आधी कॉलेजची शेती आपल्या डोळ्यांनी बघून या. प्रयोगाचे वाफे आहेत का, गोठा आहे का, विहिरीला पाणी आहे का. ज्या कॉलेजची शेती ओसाड आहे तिथे शेती शिकवत नाहीत, फक्त परीक्षा घेतात. हे मी तळमळीनं सांगतोय.

चौथ्या वर्षी विद्यार्थ्याला एखाद्या गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करायचं असतं, त्याला आम्ही 'रावे' म्हणतो. माझं आयुष्य त्या काही महिन्यांनी घडवलं. नगर जिल्ह्यातल्या एका गावात मी ज्या घरी होतो, त्या आजींनी मला ज्वारीच्या कणसावरून पेरा कधीचा ते ओळखायला शिकवलं.

दहावीवर शिकायचं असेल तर मराठी माध्यमाची दोन वर्षांची कृषी पदविका आहे. आपल्याकडचं कम्युनिटी कॉलेजच्या सगळ्यात जवळचं शिक्षण म्हणजे ती पदविका. तिला लोक कमी लेखतात. माझ्या हाताखालचे उत्तम कृषी सहायक पदविकावालेच होते.

धागाकर्तीस: तुमच्या अण्णांचं ते वाक्य मी शेकडो घरांत ऐकलंय. त्यांना शेतीची लाज वाटते म्हणून ते बोलत नाहीत. मुलीनं आपल्यासारखं पावसाकडे बघत जगू नये, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. त्यांना माफ करा.

आणखी एक. आपली कृषी विद्यापीठं अमेरिकेच्याच 'लँड ग्रँट' पद्धतीवर उभी राहिली. तिकडे १८६२ च्या मॉरिल कायद्यानं राज्यांना शेती आणि यंत्रविद्येच्या कॉलेजांसाठी जमीन मिळाली. आपल्याकडे १९६० ला पंतनगर झालं, १९६८ ला राहुरी. शिकवणं, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत पोचवणं, तिन्ही एका छपराखाली. तुम्ही तिथे जे शिकताय ते राहुरीला शिकला असतात त्याच्याच थोरल्या घरात शिकताय.

---

आयोवाकर

रावे_बॅच काकांना अनुमोदन.

आमच्याकडे आयोवात सीडर रॅपिड्सला कर्कवूड म्हणून कम्युनिटी कॉलेज आहे, शेतीसाठी नावाजलेलं. मका, सोयाबीन, डुकरं, गुरं. शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा तिथे शिकला. वडिलांची मोठी शेती, तरी मुलाला दोन वर्षं पाठवलं. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "माझ्या चुका तो माझ्याकडून शिकेल, इतरांच्या चुका शिकायला बाहेर जायला हवं." इथे कम्युनिटी कॉलेजात शेती शिकणं यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तो कमीपणा आपण आपल्या मंडळांतून घेऊन फिरतो.

---

सोनोमाची_सुमन

मी सांता रोझाला राहते. इथल्या ज्युनियर कॉलेजची 'शोन फार्म' नावाची ३६५ एकर शेती आहे. द्राक्षं, सफरचंद, मेंढ्या, भाजीपाला आणि एका बाजूला चक्क रेडवूडचं जंगल. मी साठीत आहे, पदवीसाठी नाही, एक-एक विषय घेते. माझ्या वर्गात अठरा वर्षांची मुलं आहेत आणि निवृत्त सैनिकही. कुणी वय विचारत नाही. तुझ्या त्या काकूंना इकडे पाठव.

---

दोन_ओंजळी

एक विचारू का? तुम्ही स्वतःचं नाव 'वाफसा' का घेतलंत? माझं सगळं आयुष्य शहरात गेलं, शब्द ऐकलाय पण नेमका अर्थ माहीत नाही.

---

वाफसा

हे लिहायचंच होतं.

पाणी दिल्यावर किंवा पाऊस पडून गेल्यावर जमीन आधी चिखल असते. मग जास्तीचं पाणी खाली निघून जातं, मातीत हवा शिरते आणि अशी एक वेळ येते की माती ओली आहे पण चिकट नाही. अवजार घातलं तर ढेकूळ न होता भुसभुशीत सुटते. तो वाफसा. त्याआधी नांगर घातला तर जमीन थापली जाते, उशीर केला तर दगड होते. आमच्या काळ्या मातीत ही वेळ थोडकीच असते.

मृदाशास्त्राच्या तिसऱ्या प्रात्यक्षिकाला बाईंनी प्रत्येकाला मूठभर माती दिली. थोडं पाणी घालून मळायची आणि अंगठा-बोटामध्ये दाबत पट्टी काढायची. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयटा, पाचच्या पुढे गेली तर चिकणमाती. माझी फ्रेझ्नोची माती वाळूकडची, लगेच तुटली. शेजारच्या मुलाच्या वाट्याला दुसरीकडची भारी माती आली होती. त्याला जमेना म्हणून मी घेतली आणि माझ्या हातातून पट्टी निघतच राहिली. सात सेंटिमीटर. तो गार, गुळगुळीत स्पर्श. उन्हाळ्यात भेगा पडणारी आमची रानं आठवली, भेगांत आम्ही काड्या टाकायचो.

मग बाईंनी 'फील्ड कपॅसिटी' शिकवली. भरपूर पाण्यानंतर दोन-तीन दिवसांत निचरा थांबतो आणि मातीच्या बारीक पोकळ्यांत जे पाणी राहतं ते. बाईंनी ताण आकड्यात सांगितला, फळ्यावर आलेख काढला. मी वर्गात हात वर करून म्हटलं, याच्या जवळचा आमच्या भाषेत एक शब्द आहे, आणि माझे वडील तो असा बघतात. मी मातीचा गोळा केला, कमरेइतक्या उंचीवरून सोडला. गोळा फुटून पसरला तर वाफसा, चपटा होऊन बसला तर थांबायचं. बाईंनी तो सगळ्या वर्गाकडून करून घेतला. मग माझ्याकडून शब्द दोनदा म्हणून घेतला आणि फळ्यावर लिहिला, इंग्रजी लिपीत, 'फील्ड कपॅसिटी'च्या खाली.

अण्णांचा शब्द त्या फळ्यावर. त्या रात्री मी त्यांना फोन केला पण बोलताच आलं नाही.

---

शिवारफेरी

ताई, आता मला कामावरचं एक सांगू द्या, कारण तुम्हाला ते कळेल.

बदामाला पाणी हवं की नको हे आम्ही झाडाला विचारतो. दुपारी सावलीतलं एक पान चंदेरी पिशवीत झाकून ठेवायचं, दहा-पंधरा मिनिटांनी देठापासून कापायचं आणि एका जाड नळकांड्यात उलटं बसवायचं. देठ तेवढा बाहेर. मग आत नायट्रोजनचा दाब वाढवत जायचं आणि भिंगातून देठाच्या कापाकडे बघत राहायचं. एका क्षणी तिथे पाण्याचा बारीक मणी उमटतो. त्या वेळचा काट्यावरचा आकडा म्हणजे झाड पाणी ओढायला किती जोर लावतंय ते. बदामाच्या फळाची वरची साल फुटायच्या काळात आम्ही मुद्दाम थोडा ताण देतो, १४ ते १८ बारपर्यंत. त्यानं फळं एकसारखी फुटतात आणि सालीची कूज कमी होते.

हे मी कम्युनिटी कॉलेजच्या शेतावर शिकलो. पहिल्या दिवशी मणी दिसायच्या आतच दोनदा चुकलो. पाणी आता इथे फार जपून वापरावं लागतं. २०१४ च्या भूजल कायद्यानंतर विहिरीतून किती उपसायचं याचाही हिशोब आला. ज्याला पानावरून आणि मातीवरून पाणी कळतं त्याला पुढची वीस वर्षं काम कमी पडणार नाही. म्हणून म्हणतो, पदवी पूर्ण करा.

---

एका_मुलाची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. मुलाला धागा वाचून दाखवला. सीईटीचा अर्ज भरणार आहे. काकांनी सांगितल्याप्रमाणे दिवाळीत दोन कॉलेजांची शेती बघून येणार आहोत.

---

रावे_बॅच

छान झालं, ताई. जाल तेव्हा विहीर बघा आणि गोठ्यातल्या गड्याशी बोला. खरं काय ते तो सांगेल.

---

वाफसा

जवळजवळ दीड महिन्यानं लिहितेय. सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला.

वकिलांना विचारलं. कामाचा परवाना यायला दोन वर्षं तरी जातील, जास्तही लागतील. दोन_ओंजळी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तारखा कागदावर मांडल्या. माझी ६० युनिटं व्हायला तीन सत्रं आहेत, पुढे पदवीची दोन-अडीच वर्षं. म्हणजे पदवी आणि परवाना मागेपुढे येतील. नाही आला तर काय, हेही आम्ही दोघं बोललो. तरी शिकायचं ठरलं. फ्रेझ्नो स्टेट. पुढच्या सत्राला संख्याशास्त्र आणि उरलेलं रसायन घेतलंय.

मध्ये निफाडला दहा दिवस जाऊन आले. फळछाटणी झाली होती, डोळे फुटायला लागले होते. आमच्या वरच्या तुकड्यात अण्णा मला घेऊन गेले. आदल्या आठवड्यात अवकाळी झाला होता. आत फवारणीचा ट्रॅक्टर घालायचा की नाही यावरून त्यांचं आणि धाकट्या भावाचं सकाळपासून चाललं होतं. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. आता शिकतेस ना."

आजवर त्यांनी मला बागेतलं काही विचारलेलं नव्हतं.

मी ओळीतून फूटभर खोल उकरलं, मूठभर माती घेतली, दाबून गोळा केला, कमरेवरून सोडला. वरची माती सुकलेली दिसत होती, पण गोळा फुटला नाही, चपटा होऊन बसला. म्हटलं, अण्णा, अजून दोन दिवस थांबा, आता ट्रॅक्टर घातला तर चाकोरी दाबून मुळ्या गुदमरतील, तोवर पाठीवरच्या पंपानं घ्या. अण्णांनी तो गोळा उचलला, बोटांनी पट्टी काढून बघितली. ही पद्धत मी त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवली होती. भावाला म्हणाले, "पंप भर."

कवठ्याचा_बेदाणा, येताना तासगावचा बेदाणा आणलाय दोन किलो, बाईंना द्यायला. सुमनताई, मार्चमध्ये आमच्या वर्गाची सहल तुमच्या बाजूला आहे, शोन फार्म यादीत आहे. भेटाल का?